परफ्यूमला नावं ठेवणारे रिव्ह्यूच खरे कामाचे

परफ्यूम घ्यायच्या आधी मी जाहिरात बघत नाही, हौशी लोकांनी लिहिलेलं वाचते, आणि त्यातही आधी शोधते ते भडकून लिहिलेले, भीडभाड न ठेवता लिहिलेले, वाचताना फिस्सकन हसू येईल असे रिव्ह्यू. टाइमपास म्हणून नाही हो, मला त्यातूनच खरी माहिती मिळते.

कारण बघा ना, कंपनी काय सांगते? स्वातंत्र्य, रात्र, वाळवंट, गूढ, मादक. यातून वास कसा आहे याचा काडीचा पत्ता लागत नाही. मग लोक नोट्सची, म्हणजे परफ्यूममध्ये कोणकोणते वास जाणवतात त्याची, यादी वाचतात, पण ती यादी म्हणजे आत काय घातलंय त्याची यादी नव्हेच, फॉर्म्युला सहसा कोणी उघड करत नाही. क्रीड कंपनीच्या अवेंटस या परफ्यूममध्ये (२०१०) अननस आहे असं सगळे म्हणतात, पण अननसाचं तेल काढून कोणी परफ्यूममध्ये घालत नाही, तो वास लॅबमध्ये बनवलेल्या एस्टर्स नावाच्या रसायनांमधून उभा केलेला असतो. म्हणजे नाव वाचून तुम्हाला फक्त कल्पना करता येते. "मस्त आहे, लाँग लास्टिंग आहे, बायकोला आवडला" हे कुठल्याही बाटलीबद्दल लिहिता येतं. नावं ठेवणाऱ्याला मात्र नेमकं बोलावं लागतं, कारण वास बरोबर पकडल्याशिवाय विनोद जमतच नाही.

कुरोसचंच घ्या. इव्ह सेंट लॉरेंटचा, १९८१ चा, पिएर बूर्दाँने बनवलेला. हा माणूस मोठा, कूल वॉटरही त्याचाच. आणि जगभरातले हौशी लोक वर्षानुवर्षं कुरोसला मुतारी म्हणत आलेत, अगदी प्रेमाने पण म्हणतात. आम्ही काही जणांनी तो कागदाच्या एकाच पट्टीवर मारून हातोहात फिरवला. एक म्हणाला, एसटी स्टँडची मुतारी, पण नुकतीच फिनेल टाकून धुतलेली. दुसरी म्हणाली, छे, हा तर आजोबांचा दाढीचा साबण आणि वर मध सांडलाय. तिसऱ्याने काही न बोलता उरलेला शर्टावर मारून घेतला. आता मजा अशी की दोघंही बरोबर आहेत. त्या परफ्यूममध्ये साबणासारखा लख्ख स्वच्छ भाग आणि सिव्हेट (कस्तुरीमांजराच्या स्रावाचा वास) आणि मधाचा जनावरी भाग मुद्दाम एकमेकाला भिडवलेत. "नुकतीच धुतलेली" या दोन शब्दांत जे आलं ते नोट्सच्या अख्ख्या यादीत येत नाही. हे वाचून ज्याला घ्यायचाय तो घेईल, ज्याला नकोय तो सुटेल, आणि दोघांचेही पैसे सत्कारणी लागतील.

एता लिब्र दोरांज नावाच्या फ्रेंच कंपनीचा सेक्रेशन्स मॅग्निफिक (२००६) आहे, त्यात रक्त, दूध, घाम असं काय काय कंपनीने स्वतःच सांगितलंय, तरी लोक हौसेने मागवतात आणि मग हात धूत बसतात. त्याचे रिव्ह्यू जरूर वाचा, जेवणानंतर नको.

बरं, एकाच वासावर इतकी भांडणं का होतात? नाकं खरंच वेगळी असतात म्हणून. अँड्रोस्टेनोन नावाचा रेणू आहे, तो काहींना लघवीसारखा येतो, काहींना गोडसर, काहींना येतच नाही, आणि यामागे एका जनुकातला फरक आहे हे २००७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलंय. मोठ्या रेणूंचे कस्तुरीसारखे वास तर कितीतरी लोकांना लागतच नाहीत. मोलेक्यूल ०१ (२००६) नावाच्या परफ्यूममध्ये आयसो ई सुपर हा एकच सुगंधी पदार्थ आहे, त्यामुळे "मला पाणी विकलं" म्हणून चिडणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्या नाकाला खरंच तो सापडत नाही. बॅकरा रूज ५४० (२०१५) हा परफ्यूम काहींना केशर घातलेल्या जळक्या साखरेसारखा येतो आणि काहींना सरळ दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आठवतो. म्हणून एक रिव्ह्यू वाचून काही होत नाही, दहा वाचायचे, आणि ज्याचं नाक आपल्याशी जुळतं त्याला धरून ठेवायचं. माझं असं एका बाईंशी जुळतं, त्यांना जे गोड-गोड परफ्यूम असह्य होतात ते मलाही होतात, त्यांनी नाक मुरडलं की मी ती बाटली विसरते.

दुसरी गोष्ट हवा. लंडनच्या थंडीत बसून कोणीतरी व्हॅनिला-तंबाखूवाल्या परफ्यूमला दहापैकी दहा देतो, आणि आपला माणूस तोच फवारून मे महिन्यात साडेआठच्या डोंबिवली फास्टमध्ये चढतो. उकाड्यात वास भराभर उडतो, वरचे लिंबू-संत्र्याचे वास तर बघता बघता जातात, आणि गोड वास घामात मिसळून शेजारच्याच्या डोक्यात जातो. त्यामुळे डब्यातल्या बायकांनी काय म्हटलं, ऑफिसच्या एसीत कसा वाटला, संध्याकाळी ओढणीला काय उरलं होतं, हे आपल्याच लोकांनी लिहायला पाहिजे, दुसरं कोण लिहिणार?

राग येतो तो फुकट बाटली घेऊन गोडगोड बोलणाऱ्यांचा. हल्ली रीलमध्ये प्रत्येक परफ्यूम "बीस्ट मोड", म्हणजे भयंकर दणकट, प्रत्येकाला कॉम्प्लिमेंट्स, आणि खाली डिस्काउंट कोड. बाटली फुकट मिळाली असेल तर तसं पहिल्या ओळीत सांगा, एवढी साधी अपेक्षा आहे. आणि बाटली कुठल्या वर्षीची तेही लिहा, कारण फॉर्म्युले बदलतात. लिलिअल हे मुगेच्या (लिली ऑफ द व्हॅलीच्या) फुलासारख्या वासाचं रसायन युरोपात मार्च २०२२ पासून बंद झालं, ओकमॉसवर (ओकच्या झाडावरच्या दगडफुलाच्या अर्कावर) तर कितीतरी आधीपासून बंधनं आहेत, त्यामुळे जुन्या बाटलीची तारीफ वाचून नवी घेतली की हिरमोड होऊ शकतो.

आणि आपल्या अत्तरांबद्दल एवढं मोकळं कोणीच लिहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं. मोहम्मद अली रोडला दुकानदार काचेची कांडी बाटलीत बुडवून मनगटाच्या मागे टेकवतो, घासू नका म्हणतो, आणि आपण लगेच वास घेऊन पैसे काढतो. जरा थांबा ना, चक्कर मारून या, अर्ध्या तासाने बघा काय उरलंय. मिट्टीचं अत्तर कनौजला भाजलेल्या मातीपासून देग-भपक्यात, म्हणजे अत्तर काढायच्या पारंपरिक भांड्यांत, चंदनाच्या तेलावर काढतात. अस्सल चंदनाचं तेल किलोला लाखाच्या वर जातं, मग दोनशे रुपयांच्या कुपीत ते कुठून येणार? स्वस्त अत्तर वाईटच असतं असं मी म्हणत नाही, माझ्याकडचा एक स्वस्त केवडा झकास आहे, पण तो चंदनावरचा आहे असं कोणी सांगू नये.

आता वाळ्याचा सीझन येतोय. रूह खस, म्हणजे वाळ्याचं तेल, तांब्याच्या भांड्यात काढतात, म्हणून त्याला हिरवट छटा येते, पण नुसता रंग बघून अस्सल ठरवू नका. ज्यांनी घेतलंय त्यांनी कॉमेंटमध्ये लिहा: किती मिलीला किती पैसे, दुपारी बाहेर पडल्यावर कसं वाटलं, दुसऱ्या दिवशी कपड्याला होतं का. आणि घरच्यांनी काय नावं ठेवली ते आधी लिहा.