"तीन वर्षं थांबा, आपोआप बोलेल" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुप्सवर तो मेसेज परत फिरायला लागलाय. थोडक्यात असा, की मूल बोलत नसेल तर तीन वर्षांपर्यंत टेन्शन घेऊ नका, टाळीला वळून बघतंय म्हणजे कान ठणठणीत, लहानपणीच ऐकू येण्याचं मशीन लावलं तर कान आळशी होतात, आणि खुणा शिकवल्या तर पोरगं कधीच बोलणार नाही. आमच्या लेकीला अगदी तान्ही असल्यापासून दोन्ही कानांना मशीन आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी टाळी. टाळीचा आवाज मोठा आणि ती वाजवणारा माणूस समोरच हलतोय, मूल बघणारच. ज्यांना कमी ऐकू येतं ती पोरं नजरेने इतकी तरबेज असतात की घरातले सहज फसतात. शिवाय कमी ऐकू येणं म्हणजे पूर्ण शांतता असं नसतंच, बऱ्याच मुलांना दार आपटलेलं ऐकू येतं, 'आ', 'ओ' ऐकू येतात, पण स, श, फ असले बारीक पट्टीतले आवाज गळतात. मग घरात म्हणतात, ऐकू तर येतं, लक्षच देत नाही! "हुंकार देतंय ना" हेही तसंच, पहिले काही महिने बहिरी बाळंही हुंकार देतात, फरक नंतर कळतो, जेव्हा बा-बा-बा, दा-दा-दा वेळेवर येत नाही.

तपासणीला बाळाने उत्तर द्यावं लागत नाही. ओएई टेस्टमध्ये कानात छोटंसं बूच घालून आवाज सोडतात आणि आतल्या कानातून येणारा बारीकसा प्रतिसाद मोजतात, आणि बेरामध्ये डोक्याला वायरी चिकटवून आवाज मेंदूकडे जातो का ते बघतात, दोन्ही झोपलेल्या बाळावर होतात. आणि हो, जन्माच्या वेळी पास झालं म्हणून कायमचं पास नाही, मेंदूज्वरानंतर किंवा काही आनुवंशिक कारणांनी ऐकू येणं नंतरही कमी होतं.

आता तीन वर्षं थांबायचं. माझा खरा राग यावर आहे. डॉक्टर लोकांचा हिशोब एक-तीन-सहा असा असतो, एक महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. हे हवेतून आलेलं नाही, अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये झालेला १९९८ चा अभ्यास आहे, त्यात सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत मेंदूचा ऐकण्याचा भाग आवाजावरच घडत असतो, आवाज पोचलाच नाही तर तो भाग दुसऱ्या कामाला लागतो. नंतर मशीन लावा, कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र) करा, फायदा होतो, पण तीच मजल गाठायला मुलाला जास्त राबावं लागतं. "बाबा पण उशिरा बोलला होता" असेल बुवा, पण बाबाला ऐकू येत होतं ना!

कान आळशी होतात हे तर उलटंच आहे, आळशी होतो तो आवाज न मिळालेला मेंदू. मशीनचा आवाज मुलाच्या मोजमापाप्रमाणे सेट केलेला असतो आणि वर मर्यादाही घातलेली असते. मशीनमधून येणारी शिट्टी ऐकून आजी-आजोबा घाबरतात ना, "कान फुटेल पोराचा" वगैरे, तर ती बहुतेक वेळा कान वाढल्यामुळे मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, सैल पडलाय एवढंच सांगते, आवाज बाहेर गळून परत माईकमध्ये शिरतो. नवीन मोल्ड घ्यायचा. रोज सकाळी मी लेकीच्या मागे बसून आ, ऊ, ई, म, श, स असे सहा आवाज काढते, ऐकू आला की ती एक ठोकळा डब्यात टाकते. 'स'ला हात हलला नाही की आधी बॅटरी बघायची, मग मोल्डच्या नळीत पाणी किंवा मळ आहे का ते, आणि तरीही नाहीच तर ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन सेट करणाऱ्या तज्ज्ञाला, फोन.

खुणांचं थोडक्यात. खुणांमुळे बोलणं अडतं याला काही आधार नाही. बहिऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांचे आईबाप ऐकू येणारे असतात, म्हणजे घरात खुणा कुणाला येतच नसतात, शिकायच्या आपणच. भूक लागली, दुखतंय, अजून हवं, हे मुलाला सांगता आलं तर रडारड कमी होते, बोलणं त्याच्या जोडीने येत राहतं.

मेसेजमध्ये एकच गोष्ट अर्धी खरी आहे, ती 'थांबा' म्हणण्याची. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, ते बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांत आपोआप जातं आणि तिथे डॉक्टरही थांबा म्हणतात. पण कान तपासून, आणि परत दाखवायची तारीख हातात देऊन.