सायलेन्सरची सत्त्वपरीक्षा

आजोबांची जावा, वडिलांची येझदी किंवा कॉलेजातली आरएक्स १००, म्हणजे जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल, अजून पोर्चमध्ये जपून ठेवली असेल, तर तुमचं अभिनंदन. दर सहा महिन्यांनी तिची पीयूसी, म्हणजे धुराड्याची प्रदूषण-तपासणी असते. चुकवलीत तर दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा आळस नको.

पहिलं पथ्य म्हणजे पीयूसीवाल्यासमोर छाती फुगवून 'व्हिंटेज आहे हो' म्हणायचं नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणवून घ्यायला गाडीने पन्नाशी ओलांडावी लागते, नोंदणीला २०,००० रुपये मोजावे लागतात, आणि एवढं करून ती रोजच्या कामाला रस्त्यावर काढायची नाही. आरएक्स १०० आपल्याकडे आली १९८५ साली. म्हणजे अगदी पहिल्या गाडीलाही हा मान २०३५ नंतर. तोवर ती नुसतीच म्हातारी.

म्हातारपणाची सवलत मात्र आहे. ३१ मार्च २००० पूर्वीच्या टू-स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत तेवढे भाग) माफ. त्यानंतर जन्मलेल्यांना साडेतीन टक्के आणि ६,०००. आणि धूर? पेट्रोलच्या गाडीचा धूर मोजतच नाहीत, तो मान डिझेलचा. मागच्या स्कूटरवाल्याने नाकाला रुमाल लावला तरी यंत्राला त्याचं काही नाही.

तरीही ती नापास होते, कारण तिच्या पोटातच गडबड आहे. हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरतं तेव्हा बाहेरचं दारही उघडंच असतं. मांडवात शिरलेले पाहुणे न जेवताच मागच्या दाराने निघून जावेत, तसं न जळलेलं पेट्रोल तेलासकट सायलेन्सरमधून पसार होतं. त्या उपाशी पाहुण्यांची शिरगणती म्हणजेच तो हायड्रोकार्बनचा आकडा.

म्हणून आदल्या दिवशी मेस्ताकडे, म्हणजे आमच्या गोव्यातल्या मेकॅनिककडे जा. तो सायलेन्सरचं बफल (आतली आवाज दाबणारी नळी) काढून चुलीत टाकावं तसं जाळेल, काजळी झाडेल, नवा प्लग बसवेल. मग कार्ब्युरेटरला कान लावून हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू पाव फेरी बाहेर काढेल. पुन्हा ऐकेल. आणखी थोडा बाहेर. इथे तुम्ही हावरटपणा करून 'आणखी सोड' म्हणू नका. हवा वाढवून मिश्रण पातळ केलं की कार्बन मोनॉक्साइड उतरतो खरा, पण फारच पातळ झालं की इंजिन मिसफायर होतं आणि न जळलेला सगळा माल हायड्रोकार्बनच्या खात्यात जमा होतो. एकाचं तोंड दाबावं तर दुसरा बोंब मारतो. मेस्त हात पुसत म्हणेल, "आतां वचात, बंद करूं नाकात." म्हणजे आता जा, इंजिन बंद करू नका. तो शब्द पाळा. थंड इंजिन खरं बोलतं, आणि आज खऱ्याचा दिवस नाही.

थेट केंद्रावरही जाऊ नका. फोंड्यात राहत असाल तर फर्मागुडीचा चढ दोनदा चढून या. इंजिन तापेल, आतला चिकटा जळेल आणि तुम्हाला फुकटची वारी घडेल. केंद्रावर पोरगा नळी आत सारेल. नियमाने ती फूटभर जायला हवी, पण बफल आडवं येतं. तो तुमच्याकडे बघेल, तुम्ही आकाशाकडे बघा. गाडी डिंग-डिंग-डिंग करत असेल आणि मधेच एखादा डिंग गाळेल. तेवढ्यात पडद्यावर ८,९०० दिसलं तर 'प्रमाणपत्र छापा' म्हणून ओरडू नका, पोरगा मुद्दाम थांबतो. नळी बाहेर निघाली की टोकाला काळ्या तेलाचा थेंब लोंबत असेल. तो त्याच्या फडक्याने पुसू नका, स्वतःचा रुमाल द्या. (मी दिला. अजून निघालेला नाही डाग.)

कागद खिशात पडला की पहिल्या वळणावर थांबा, स्क्रूड्रायव्हर काढा आणि मेस्ताने बाहेर काढलेलं सगळं परत आत फिरवा. त्या पातळ मिश्रणावर घरी जायला निघालात तर गाडी अडखळत जाईल, तीही नेमकी चढावर. म्हणजे ज्या अवस्थेचं प्रमाणपत्र मिळालं, त्या अवस्थेत ती गाडी चालवायचीच नाही.

घरी पोचाल तेव्हा शेजारच्या काकी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत असतील. गेल्या वर्षीच्या त्यांच्या सोलकढीला टू-टी तेलाचा (पेट्रोलमध्ये मिसळायच्या इंजिन-तेलाचा) वास आला होता म्हणतात. गाडी फाटकात वळवताना हातातला कागद त्यांना उंच करून दाखवा. काकी काही न बोलता सोलांचं सूप उचलतील आणि आत नेतील.