गुणांची अट आणि अर्जाची मागची बाजू

नमस्कार. गरीब मुलांच्या शिष्यवृत्तीला गुणांची अट नको आणि रकमेचा काही भाग वर्षअखेरीपर्यंत राखून ठेवावा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून दुसऱ्यांदा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गुणांची अट काढा म्हणजे दात्यांचा पैसा अभ्यास न करणाऱ्यांवर उधळा, आणि रकमेचा काही भाग वर्षअखेरीपर्यंत राखून ठेवा म्हणजे गरिबाच्या पैशांवर बसून राहा.

आधी दुसरा मुद्दा. कोलंबियात बोगोटा शहरात २००५ साली हे करून पाहिलं आहे. काही कुटुंबांना दर दोन महिन्यांनी पूर्ण रक्कम मिळाली. काहींना तिचे दोन तृतीयांश मिळाले आणि उरलेला हिस्सा पुढच्या वर्षी नाव घालायच्या वेळी एकरकमी. हजेरी दोन्हीकडे सुधारली, पण पुढच्या इयत्तेत नाव घालणारी मुलं राखीव हिश्श्याच्या गटात जास्त निघाली. नवल नाही. फी, वह्या-पुस्तकं, गणवेश हे सगळं एकाच पंधरवड्यात अंगावर येतं आणि घरात तेव्हाच खडखडाट असतो. सुट्टीला गेलेलं मूल परत येतच नाही ते बऱ्याचदा यामुळे. मात्र तो पैसा नेमका त्या पंधरवड्यात हातात पडला नाही, तर तुमचा आरोप शंभर टक्के खरा. हे मूळ लेखात ठळकपणे लिहायला हवं होतं.

आता गुण. आमच्या निवड समितीत ५० टक्क्यांची अट होती. नववीतल्या एका मुलीला ४८ होते. त्या ४८ भोवतीचं लाल वर्तुळ माझंच. अर्ज बाद. महिन्याभराने गठ्ठा आवरताना तोच अर्ज उलटा पडला. मागे पेन्सिलने लिहिलं होतं की आई आजारी होती, सहामाहीत ती धाकट्या भावाला सांभाळून शाळेत येत होती. मागची बाजू वाचायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. मुख्याध्यापकांना फोन केला, तोवर तिने शाळा सोडली होती.

पण ‘गुणांची अट नकोच’ हे माझं वाक्य जरा जास्तच झालं, हे कबूल. बांगलादेशात १९९४ पासून ग्रामीण मुलींना माध्यमिक शाळेसाठी विद्यावेतन दिलं गेलं. त्यात ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि लग्न न करणं अशा अटी होत्या. म्हणजे गुण होते, पण विद्यावेतन चालू ठेवण्यासाठी, आणि तेही बेताचे. अशी अट मला चालेल. दारातच गुण विचारले, की ज्यांना घरी अभ्यासाला वेळ आणि जागा आहे तेच आत येतात.

उधळपट्टीबद्दल एवढंच: बोगस नावं हुशार मुलांच्या यादीतही घुसतात. त्यावर उपाय गुणपत्रिका नव्हे, शाळेत जाऊन हजेरीपट उघडून बघणं आहे. फी परस्पर शाळेत भरावी, बाकीचे पैसे पालकांच्या खात्यात. कंटाळवाणं काम आहे, दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

नव्या अर्जात मागच्या बाजूला एकच प्रश्न छापलाय: ‘मागच्या वर्षी शाळा बुडाली असेल तर कशामुळे?’ वाचायला माणसं कमी पडतायत. तुमची नजर कडक आहे. शनिवारी दोन तास देता आले तर कळवा.