‘अख्खा फ्रान्स गद्दार’ असं तो माहितीपट म्हणतच नाही

एक ठोकळा मजकूर हल्ली फिरतोय: “‘द सॉरो अँड द पिटी’ने अख्ख्या फ्रान्सला गद्दार ठरवलं, म्हणून सरकारने बंदी घातली. जर्मन बंदुकीपुढे बिचारे फ्रेंच करणार तरी काय होते?”

बंदीचं आधी उरकू. मार्सेल ओफ्युल्सने १९६९ मध्ये केलेला हा चार तासांहून लांब माहितीपट, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या कब्जातले फ्रेंच लोक कसे वागले यावरचा, फ्रेंच सरकारी टीव्हीने दाखवलाच नाही, एवढंच. हुकूम न काढता काम भागवलं. ही रीत आपल्याला काही नवी नाही! १९७१ मध्ये तो पॅरिसच्या थिएटरात लागला, टीव्हीवर यायला १९८१ उजाडलं. आणि खटकला तो फक्त सत्तेतल्यांना नव्हे. ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीतून जिवंत परतलेल्या, पुढे फ्रान्सच्या मंत्री झालेल्या सिमोन व्हेल यांचाही त्याला विरोध होता, आणि तो मला झटकून टाकता येत नाही.

पण ‘सगळे गद्दार’? क्लेर्माँ-फेराँ शहर आणि आसपासची माणसं यात बोलतात. त्यात जर्मनांविरुद्धच्या भूमिगत प्रतिकारात उतरलेले दोन शेतकरी भाऊ आहेत. एकाची कुणीतरी चुगली केली, तो बुखेनवाल्डच्या छळछावणीत गेला. चुगली कुणाची, हे त्याला ठाऊक आहे. तरी सूड घेतला नाही.

खरं खुपतं ते दुकानदारापाशी. त्याचं आडनाव ज्यू वाटण्यासारखं. गिऱ्हाइकांचा गैरसमज नको म्हणून त्याने ‘मी ज्यू नाही’ अशी जाहिरात पेपरात दिली होती. ओफ्युल्स त्याला त्याबद्दल छेडतो. आवाज चढवत नाही, नुसता विचारत राहतो. माणूस सांगू लागतो, आम्ही भाऊ पहिल्या महायुद्धात लढलोय. आपलं काही चुकलं असं त्याच्या गावीही नसतं. याला गद्दार म्हणणार? मला तरी तो शब्द सापडत नाही, आणि ओफ्युल्सही तो पुरवत नाही.

राहिली जर्मन बंदूक. ऑक्टोबर १९४० चा ज्यूविरोधी कायदा जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या मार्शल पेतँच्या फ्रेंच सरकारने आपणहून केला. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये सुमारे १३,००० ज्यूंना घराघरांतून उचललं ते फ्रेंच पोलिसांनी. त्यात ४,००० हून जास्त मुलं होती. राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी हा दोष फ्रान्सच्या पदरात घातला तो १९९५ मध्ये.

‘बिचारे काय करणार’ हेही माहितीपटाने टाळलेलं नाही. ब्रिटनचे युद्धकाळातले परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन त्यातच म्हणतात, की ज्यांच्या देशावर असा कब्जा आला नाही त्यांनी निवाडा करू नये. मान्य. पण बुखेनवाल्डला गेलेला शेतकरीही त्याच बंदुकीपुढे होता.