‘सरसकट अनमास्क करा’ म्हणणाऱ्यांना काही उत्तरं

जेंटू या लिनक्सच्या प्रकारावर (डिस्ट्रोवर) पॅकेज बसवताना पहिल्यांदा ‘मास्क्ड’, म्हणजे अडवलेलं, असा लाल शब्द दिसला की एक ठरलेला सल्ला हमखास मिळतो. त्याचा मजकूर साधारण असा: “मास्क म्हणजे डेव्हलपर मंडळींची अतिकाळजी. ‘अस्थिर’ हे नुसतं नाव आहे. एकेक पॅकेज उघडत बसण्यापेक्षा ग्लोबल सेटिंगमध्ये टेस्टिंग चालू करा, ऑटोअनमास्क जे सुचवेल त्याला हो म्हणा. नवं सॉफ्टवेअर जास्त सुरक्षित असतंच. आणि मोडलंच काही तर जुनी आवृत्ती परत टाका, झालं.” डेबियन या दुसऱ्या डिस्ट्रोवाल्यांना हाच सल्ला ‘सिड लावा’ या दोन शब्दांत मिळतो; सिड म्हणजे डेबियनची ‘अनस्टेबल’ शाखा.

यातली एकदोन वाक्यं खरी आहेत, म्हणून तर तो पसरतो. पण मास्क हे एकच कुलूप आहे आणि एकच किल्ली सगळीकडे चालते, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. तिथेच घोडं पेंड खातं.

“मास्क म्हणजे अतिकाळजी.”

कुठला मास्क? जेंटूचा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, पोर्टेज, एखादी आवृत्ती नाकारतो तेव्हा तिच्यापुढे कंसात कारण लिहितो, आणि ही कारणं एका जातीची नसतात.

सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे ‘~एएमडी६४ कीवर्ड’. एएमडी६४ हे प्रोसेसरच्या प्रकाराचं, म्हणजे आर्किटेक्चरचं, नाव; पुढचं ‘~’ म्हणजे अजून चाचणीत, ‘टेस्टिंग’मध्ये. आवृत्ती ट्रीमध्ये, म्हणजे जेंटूच्या पॅकेजांच्या संग्रहात, आली आहे, कुणीतरी ती बांधून पाहिली आहे, पण त्या आर्किटेक्चरवर तिला अजून स्थिर म्हटलेलं नाही. साधारण ३० दिवस गंभीर बग न येता गेले की ती स्थिर करण्याची मागणी करता येते. मात्र ती मागणी कुणीतरी करावी लागते. कमी वापराच्या कित्येक पॅकेजांसाठी ती कुणीच करत नाही, आणि ती वर्षानुवर्षं त्या ‘~’ चिन्हासह पडून राहतात. शिवाय हा शेरा मूळ सॉफ्टवेअरपेक्षा त्याच्या इबिल्डबद्दल, म्हणजे ते बांधण्याच्या कृतीबद्दल (पॅकेजिंगबद्दल) असतो. इथे सल्ला देणाऱ्यांचं म्हणणं बऱ्यापैकी पटतं. हवं ते पॅकेज कीवर्डच्या फाइलीत नोंदवा आणि बिनधास्त वापरा.

दुसरं कारण ‘मिसिंग कीवर्ड’. इथे त्या आर्किटेक्चरचं नावच दिलेलं नसतं. एक तर त्यावर कुणी तपासलेलं नाही, नाही तर ती आवृत्ती ९९९९ क्रमांकाची ‘लाइव्ह’ आहे. लाइव्ह इबिल्ड ठरलेली फाइल उतरवत नाही, तर त्या क्षणी गिट रिपॉझिटरीत जे असेल ते उचलतं. साहजिकच त्याला जुळवून पाहायला चेकसमही (फाइल तीच आहे ना हे पडताळणारा आकडा) नसतो. सोमवारी आणि मंगळवारी तीच आज्ञा दिलीत तर दोन वेगळे प्रोग्रॅम मिळू शकतात. हा मास्क उघडायला दोन तारे (**) लिहावे लागतात. काही अतिउत्साही मंडळी हेच दोन तारे ग्लोबल सेटिंगमध्ये लिहायला सांगतात. ९९९९ हा आकडा खऱ्या कुठल्याही आवृत्तीपेक्षा मोठा, त्यामुळे पोर्टेज इमानदारीत जिथे लाइव्ह आवृत्ती असेल तिथे तीच निवडतो.

तिसरं कारण लायसन्स. याचा स्थिरतेशी काडीचा संबंध नाही. २०१९ पासून जेंटू मूळ सेटिंगमध्ये फक्त मुक्त लायसन्सं स्वीकारतं, म्हणून लिनक्स-फर्मवेअरसारखं रोजच्या गरजेचं पॅकेजसुद्धा आधी अडतं. त्यावर टेस्टिंग शाखा उघडून काहीच होत नाही, लायसन्सच्या फाइलीत एक ओळ लिहावी लागते.

आणि चौथं, खरं महत्त्वाचं: पॅकेज-मास्क. ही यादी माणसं हाताने लिहितात. नोंदीच्या वर डेव्हलपरचं नाव आणि तारीख असते, खाली दोनचार ओळींत कारण, बहुतेकदा बगचा क्रमांक, आणि मग पॅकेजची नावं. पोर्टेज ती टिप्पणी जशीच्या तशी टर्मिनलवर छापतो. सुरक्षेचं भोक, डेटा बिघडवणारा दोष, एकमेकांत गुंतलेल्या पन्नास पॅकेजांची अर्धवट चाचणी, किंवा मूळ प्रकल्प बंद पडल्यामुळे पॅकेज ट्रीतून काढायचं ठरलंय, असं काहीही तिथे असू शकतं. शेवटच्या प्रकारात काढण्याची तारीखही दिलेली असते. असं पॅकेज तुम्ही अनमास्क केलंत तर महिन्याभरात त्याचं इबिल्डच ट्रीतून जातं. बांधलेला प्रोग्रॅम मशीनवर राहतो, पण पुढे एखादी लायब्ररी बदलली की तो पुन्हा बांधायला ट्रीत काहीच सापडत नाही.

या चौथ्या मास्कला अतिकाळजी म्हणणाऱ्याने ती टिप्पणी वाचलेली नसते, असं माझं मत आहे. ज्यांनी वाचली ते अनेकदा विचारपूर्वक अनमास्क करतात, आणि ते योग्यही असतं. मोठ्या अपग्रेडच्या चाचणीत भाग घ्यायचा असेल तर तोच मार्ग आहे. जाता जाता एक गोष्ट: अनमास्कची फाइल वेगळी आणि कीवर्डची वेगळी. पॅकेज-मास्क काढल्यावरही ‘~’ चिन्ह बहुधा शिल्लक असतंच. ‘अनमास्क केलं तरी तेच येतंय’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

“अस्थिर हे नुसतं नाव आहे.”

अर्धं मान्य. डेबियनच्या ‘अनस्टेबल’चा अर्थ प्रोग्रॅम सारखे कोसळतात असा नाही. पॅकेजांचा संच सतत बदलत असतो, एवढाच त्याचा अर्थ. पण सतत बदलणं म्हणजे काय, ते २०२४ च्या सुरुवातीला सिड वापरणाऱ्यांनी पाहिलं. ३२-बिट आर्किटेक्चरवर वेळेची गणना २०३८ नंतरही चालावी म्हणून डेबियनने असंख्य लायब्रऱ्यांची नावं ‘टी६४’ शेपूट लावून बदलली. हा बदल पूर्ण होईपर्यंत काही पॅकेजं नव्या लायब्रऱ्यांशी जोडलेली होती आणि काही जुन्यांशी. त्या काळात फुल-अपग्रेडची आज्ञा दिली की एपीटी हा डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम नम्रपणे ‘ही पॅकेजं काढली जातील’ अशी लांबलचक यादी दाखवायचा, आणि त्यात कधी कधी अख्खं डेस्कटॉप असायचं. एकही प्रोग्रॅम क्रॅश झालेला नव्हता. ती यादी न वाचता ‘वाय’ दाबण्याची सवय मात्र महागात पडत होती.

सिड म्हणजे कायम सगळ्यात ताजं, हेही खरं नाही. नव्या स्थिर आवृत्तीआधी फ्रीझ (नवे बदल थांबवण्याचा काळ) लागतो तेव्हा सिडही बराचसा थबकतो, आणि ताज्या गोष्टी एक्सपेरिमेंटलमध्ये जातात. त्या शाखेला एपीटी मुळातच १ एवढा तळाचा अग्रक्रम देतो. स्पष्ट मागितल्याशिवाय तिथून काही येऊ नये, अशीच ती योजना आहे.

“एकेक उघडण्यापेक्षा सगळंच उघडा.”

याचं उत्तर डिस्ट्रोनुसार बदलतं, आणि सल्ला देणारे नेमकं तेच विसरतात.

आर्चवर ही भूमिका बरोबर आहे. तिथे अर्धवट अपग्रेडला पाठिंबाच नाही. पॅकेजांची यादी ताजी करून एकच पॅकेज टाकणं म्हणजे नव्या लायब्रऱ्यांसाठी बांधलेला प्रोग्रॅम जुन्या लायब्रऱ्यांमध्ये सोडणं. घ्यायचं तर सगळं घ्या.

डेबियन स्टेबलवर सिडमधलं एखादं बायनरी पॅकेज आणलं तर ते नवी सी लायब्ररी (जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती) मागू शकतं, ती आली की तिच्यामागून आणखी पॅकेजं, आणि हळूहळू मशीन ना स्टेबल ना सिड असं होतं. पण म्हणून सगळंच सिडवर न्यायची गरज नाही. त्यासाठी बॅकपोर्ट्स आहेत: नवी आवृत्ती, पण स्टेबलच्या लायब्रऱ्यांवर बांधलेली.

जेंटूवर चित्र उलटं. तिथे प्रोग्रॅम तुमच्याच मशीनवर, तुमच्याच लायब्रऱ्यांवर बांधला जातो, म्हणून स्थिर प्रणालीवर पाचदहा टेस्टिंग पॅकेजं सहसा गुण्यागोविंदाने राहतात. एकेक उघडणं हीच तिथली सोय आहे आणि कीवर्डची फाइल त्यासाठीच आहे. निक्सवर तर प्रत्येक पॅकेज आपापल्या लायब्रऱ्या धरून असतं, तिथे हा वादच फारसा उद्भवत नाही.

संपूर्ण टेस्टिंगवर मशीन चालवणारे जेंटूत पुष्कळ आहेत आणि त्यांनी बग नोंदवल्यामुळेच बाकीच्यांना स्थिर आवृत्त्या मिळतात. पण त्यांना बग शोधायचा असतो. ज्याला फक्त एका एडिटरची नवी आवृत्ती हवी आहे, त्याच्या गळ्यात कंपायलर, कर्नल आणि सी लायब्ररी कशाला मारायची?

“ऑटोअनमास्क सुचवतो ते करा.”

पोर्टेजमधलं ऑटोअनमास्क हे गणित सोडवणारं यंत्र आहे. ‘तुम्ही मागितलेलं बसवायचं तर कमीत कमी काय बदलावं लागेल’, एवढंच तो काढतो. ते बदलावं का, हा त्याचा प्रश्न नाही. क्यूटी या ग्राफिकल लायब्ररीवर चालणारं एक ॲप मागा. त्याला नवी क्यूटी लागत असेल तर क्यूटीचे भाग एकमेकांच्या आवृत्तीला बांधलेले असल्यामुळे सुचवलेल्या ओळी भराभर वाढत जातात. या ओळी थेट लागू होत नाहीत, डिस्पॅच-कॉन्फ या साधनातून मंजूर कराव्या लागतात. ती पायरी वाचण्यासाठीच ठेवली आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. ऑटोअनमास्क सहसा ‘=’ लावून नेमकी आवृत्ती लिहितो. समजा तुम्ही एखाद्या पॅकेजची २.४ अशी उघडलीत. चार दिवसांनी त्यात दुरुस्ती होऊन २.४-आर१ आली, तीही टेस्टिंगमध्येच. तुमच्या ओळीत ती बसत नाही. पुढे मूळ २.४ ट्रीतून गेली की पोर्टेज तुम्हाला जुन्या स्थिर आवृत्तीकडे परत नेऊ पाहतो, आणि तुम्ही कपाळाला हात लावता. इथे ‘=’ ऐवजी ‘~’ लिहिलं तर २.४ च्या सगळ्या दुरुस्त्या आपोआप चालतात. (हे चिन्ह कीवर्डमध्ये एक सांगतं आणि पॅकेजच्या नावापुढे दुसरंच. पोर्टेज शिकणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे.) आवृत्तीच न लिहिता नुसतं नाव लिहिलंत तर ते पॅकेज कायमचं टेस्टिंगवर. कधी कधी तेच हवं असतं, पण ते माहीत असून लिहावं.

“नवं ते सुरक्षित.”

२९ मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरने जाहीर केलं की एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा आहे. डेबियन सिडवर एसएसएचने दुरून लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्याचा माग काढला. त्या आवृत्त्या तेव्हा पोहोचल्या होत्या त्या सिड, डेबियन टेस्टिंग, फेडोरा रॉहाइड, टंबलवीड अशा पुढच्या रांगेतल्या शाखांमध्ये, आणि जेंटूच्या टेस्टिंगमध्ये. डेबियन स्टेबलमध्ये त्या नव्हत्या. जेंटूने त्यावर काय केलं? त्या आवृत्त्या मास्क केल्या. म्हणजे त्या दिवशी ज्याच्याकडे ‘मास्क दिसला की काढा’ ही सवय पक्की होती, त्याने संरक्षणच काढून ठेवलं असतं.

याचा अर्थ स्थिर शाखा निर्धोक असा मुळीच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियनच्या स्थिर शाखेतच ६.१.६४ कर्नल गेला आणि ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर डेटा बिघडण्याचा धोका निघाला, तेव्हा १२.३ च्या इमेजेस रोखून धराव्या लागल्या. आणि २००६ ते २००८ या काळात डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीमधून अंदाज बांधता येतील अशा कीज बनत होत्या, स्थिर आवृत्तीतसुद्धा.

पण ‘आवृत्तीचा आकडा मोठा म्हणजे भोकं कमी’ हे समीकरण स्थिर डिस्ट्रोंना लागूच पडत नाही. तिथे सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीतच आणून बसवतात आणि आकडा जवळपास तसाच राहतो. गंमत म्हणजे डेबियनमध्ये दुरुस्ती सगळ्यात उशिरा पोहोचण्याची शक्यता मधल्या ‘टेस्टिंग’ला असते. स्टेबलला सुरक्षा गट सांभाळतो, सिडला थेट नवं पॅकेज मिळतं, आणि टेस्टिंग सिडकडून येण्याची वाट पाहत बसतं.

“मोडलं तर जुनी आवृत्ती परत टाका.”

सगळ्या दाव्यात हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण बाकीची बेफिकिरी याच भरवशावर उभी असते.

जीलिबसी, म्हणजे मघाची सी लायब्ररी, घ्या. नवी आली की त्यानंतर बांधलेले प्रोग्रॅम तिच्यातली नवी सिम्बॉल्स (फंक्शनांची नावं) मागू लागतात. जुनी परत टाकली की ती सिम्बॉल्स नाहीत, आणि मग शेलसुद्धा सुरू होईल याची खात्री नाही. म्हणूनच जेंटूचं जीलिबसी इबिल्ड डाउनग्रेड करायला गेलात तर स्वतःच थांबतं आणि हा विनाशाचा हमखास मार्ग आहे असं बजावतं. एपीटीही आपणहून मागे जात नाही, त्यासाठी पिनचा (आवृत्ती ठरवणाऱ्या नोंदीचा) अग्रक्रम १००० च्या वर न्यावा लागतो.

प्रोग्रॅम मागे आला तरी डेटा मागे येत नाही. पोस्टग्रेसच्या नव्या मोठ्या आवृत्तीची डेटा डिरेक्टरी जुनी आवृत्ती उघडत नाही. फायरफॉक्सही ६७ पासून, नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल जुन्यात उघडायला नकार देतो.

आणि सगळं टेस्टिंग चालू केल्यावर ती ग्लोबल ओळ पुसली तर पोर्टेज शेकडो डाउनग्रेड मांडून बसतो, त्यात जीलिबसीही. परतीची जमणारी वाट संथ आहे: ग्लोबल ओळ काढायची, पण आत्ता मशीनवर असलेल्या आवृत्त्या नेमक्या नोंदवून कीवर्डच्या फाइलीत ठेवायच्या आणि स्थिर शाखा तिथवर येण्याची वाट पाहायची. यात महिने जातात. मधूनमधून ‘ईआयएक्स-टेस्ट-ऑब्सोलीट’ चालवला की कुठल्या ओळी निरुपयोगी झाल्या ते तो सांगतो, त्या पुसत जायचं. आणि पुढच्या वेळी एखादं महत्त्वाचं पॅकेज टेस्टिंगवर न्यायचं असेल तर आधी ‘क्विकपीकेजी’ने चालू आवृत्तीचं बायनरी बांधून ठेवा. जुनं इबिल्ड ट्रीतून गेलेलं असलं तरी ते कामी येतं.