ओहोटीची सफारी

साडूभाऊंची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात, खाडी समुद्राला मिळते त्या टोकाला आहे आणि डांबरी रस्ता तिच्या बराच अलीकडे धीर सोडतो. "प्राणी बघायचे तर आमच्याकडे या," असे ते दरवर्षी फोनवर म्हणत. आम्ही नागपूरकर मात्र ताडोबा, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला हाताशी असताना हे आमंत्रण हसण्यावारी नेत असू. यंदा सौभाग्यवतींनी ते मनावर घेतले.

ताडोब्यात प्राणी बघणे हे मुळात बसून करायचे काम आहे. चितळाचा धोक्याचा कॉल आला, म्हणजे वाघ जवळपास असल्याची खूण मिळाली, की गाइड जिप्सी थांबवतो आणि आपण फक्त मान वळवायची. वाडीवर हेच काम स्वतःच्या पायांनी आणि पंचांगाच्या संमतीने करावे लागते. साडूभाऊंच्या वडिलांना, म्हणजे नानांना, पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, अजून तोंडपाठ आहे आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्यांचा हिशेब. आम्ही पोहोचलो ती नेमकी अष्टमी. आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सकाळी सहाला आणि ओहोटी सव्वासहा तासांनी, म्हणजे ऐन दुपारच्या उन्हात. "भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमजोर भरती-ओहोटीचं, पाणी फार सरत नाही, पण निवट्यांपुरता चिखल मिळेल," असा दिलासाही नानांनी दिला.

चिखल मिळाला, गुडघ्यापर्यंत मिळाला. निवटी हा मासा असूनही पुढच्या परांवर रेटा देत चिखलात चालतो, ओल्या कातडीतून श्वास घेतो आणि डोळे कोरडे पडले की ते खोबणीत ओढून, ओले करून पुन्हा वर काढतो. वाघाने माझ्याकडे इतके निरखून कधी पाहिलेले नाही. शेजारी एक नर खेकडा आपली एकुलती एक मोठी नांगी वरखाली करत होता. साडूभाऊंच्या मते तो मादीला बोलावत होता, मला मात्र तो 'परत जा' असेच सांगत असल्याचे स्पष्ट दिसत होते. सल्ला योग्य होता, परंतु पाय निघत नव्हता. शेवटी वाडीवरच्या गड्याने मला काखेत धरून उपसले; उजवी चप्पल खाडीने ठेवून घेतली.

त्यानंतर समुद्रगरुडाचे घरटे. हा पक्षी वर्षानुवर्षे त्याच घरट्यावर काटक्या रचत जातो, त्यामुळे झाडाच्या शेंड्याला मोळी अडकल्यासारखे दिसत होते. मालक घरी नव्हते. ताडोब्यात वाघ नाही दिसला तर निदान पगमार्क तरी दाखवतात. इथे साडूभाऊंनी तितक्याच अभिमानाने झाडाखाली पडलेली समुद्रसापाची हाडे दाखवली.

घरी मेहुणीने सगळा वृत्तांत शांतपणे ऐकला आणि विचारले, "निवट्या नुसत्या बघून आलात? चार आणल्या असत्या तर कालवण केलं असतं."

निघताना साडूभाऊंनी ताडोबा बघण्याची इच्छा व्यक्त केली. पाणवठ्यावर वाघ हमखास दिसावा म्हणून मी त्यांचे बुकिंग मे महिन्यातले, दुपारच्या फेरीचे आणि उघड्या जिप्सीचे केले आहे. तेव्हा पारा ४५ च्या आसपास असतो, हे त्यांना तिथीवरून काढता येणार नाही.