नाही, एनबीएचे निकाल आधी लिहिलेले नसतात

माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. पुण्यात शिकतो, कॉलेजच्या संघात पॉइंट गार्ड खेळतो, आणि एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने बघायला पहाटे गजर लावून उठतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. म्हणाला, ‘‘आत्या, एक मेसेज पाठवलाय, वाच. पण रागावू नकोस.’’ तोच मेसेज त्याआधी नातेवाइकांच्या दोन ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी तो न वाचता पुसला होता. या वेळी वाचला, आणि रागावले.

मेसेजचं म्हणणं असं: एनबीए हा ठरवून केलेला खेळ आहे. हंगाम संपताना कोण हरणार हे आधीच ठरतं. ड्राफ्टची, म्हणजे संघांनी दरवर्षी नवे खेळाडू निवडण्याची, लॉटरी बनावट असते, नाहीतर डॅलसला पहिला क्रमांक मिळालाच कसा? डेट्रॉइटसारखा तळाचा संघ एका वर्षात वर आला तो लीगला हवा होता म्हणून. पंच आणि खेळाडू विकलेले असतात, हे कोर्टातच सिद्ध झालंय. आणि अगदी शेवटी : ‘शेवटच्या महिन्याचे निकाल आमच्याकडे आधी येतात, मोजक्याच लोकांसाठी.’ खाली टेलिग्रामची लिंक. भाच्याने तिथे चार हजार रुपये भरले होते.

म्हणून सुरुवात शेवटच्या ओळीपासून. बाकीचा सगळा मेसेज त्या लिंकपर्यंत नेण्यासाठीच लिहिलेला आहे.

भाचा म्हणाला, ‘‘पण आत्या, त्यांचे आधीचे तीन निकाल बरोबर आले, फुकट दिले होते.’’ ते कसे बरोबर येतात ते सांगते. आठशे जणांना मेसेज पाठवायचा. चारशेंना सांगायचं हा संघ जिंकेल, चारशेंना सांगायचं तो. सामना झाला की ज्यांचं चुकलं त्यांना सोडून द्यायचं. उरलेल्या चारशेंचे पुन्हा दोन भाग, मग दोनशेंचे. तिसऱ्या सामन्यानंतर शंभर पोरं अशी उरतात, ज्यांनी तीनपैकी तीन निकाल अचूक येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत. पैसे त्यांच्याकडे मागायचे. यासाठी बास्केटबॉल माहीत असण्याचीही गरज नाही.

आणि हंगामाच्या अखेरीचे निकाल खरोखर हाती असते, तर २०२३ साली मायामी हीटचं काय झालं ते या लोकांनी आधी सांगितलं असतं. तेव्हा ८२ सामन्यांनंतर मायामी पूर्व विभागात सातव्या स्थानी होती. प्ले-इनचा, म्हणजे बाद फेरीच्या उरलेल्या जागांसाठीच्या पात्रता फेरीचा, पहिला सामना अटलांटाशी, तो हरली. दुसऱ्या सामन्यात शिकागोविरुद्ध अखेरच्या चार मिनिटांतही पिछाडीवर होती. तो गेला असता तर हंगाम तिथेच संपत होता. तो जिंकून आठव्या क्रमांकाने बाद फेरीत आली, ५८ सामने जिंकलेल्या मिलवॉकीला ४-१ ने घरी पाठवलं आणि थेट अंतिम फेरी गाठली. तिथे डेन्व्हरकडून ४-१ ने हरली. हे कोणी लिहून ठेवलं होतं?

आता डॅलसची लॉटरी. मेसेजमधला हा सर्वांत लाडका पुरावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने आपला सर्वांत मोठा खेळाडू लुका डॉनचिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकला, आणि मे महिन्यात अवघी १.८ टक्के शक्यता असताना त्यांना पहिला क्रमांक मिळाला. त्यावर त्यांनी कूपर फ्लॅग या गाजलेल्या नवोदित खेळाडूला घेतलं. म्हणे, लीगने केलेली ही भरपाई.

शंका येणं मी समजू शकते, मलाही क्षणभर आली होती. पण ही लॉटरी निघते कशी ते एकदा बघा. बाद फेरीत न पोचलेल्या संघांत आधी कोणी खेळाडू निवडायचा हे तिने ठरतं, आणि तळाच्या संघांची शक्यता जास्त असते. यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू असतात, त्यातले चार काढतात. क्रम धरला नाही तर चार आकड्यांचे १००१ गट होतात. त्यातला एक बाजूला ठेवतात, उरलेले १००० आधीच संघांना वाटून दिलेले असतात. २०२५ मध्ये सर्वांत वाईट तीन संघांना १४० प्रत्येकी, डॅलसला १८. ही सोडत बंद खोलीत होते हे खरं, पण तिथे संघांचे प्रतिनिधी, पत्रकार आणि बाहेरच्या लेखापरीक्षण संस्थेचा माणूस हजर असतो.

त्याहून मोठी गोष्ट एप्रिलमधली. डॅलस ३९ जिंकून, ४३ हरून पश्चिमेत दहावा आला. प्ले-इनमध्ये त्यांनी सॅक्रामेंटोला हरवलं. पुढचा सामना मेम्फिसशी. तो जिंकला असता तर डॅलस बाद फेरीत गेला असता आणि लॉटरीत त्याचं नावच नसतं. त्या सामन्यात डॅलसकडून अँथनी डेव्हिसने ४० गुण केले. डॉनचिचच्या बदल्यात आलेला हाच तो खेळाडू. लॉटरीचं बक्षीस ठरलेलं असताना तो माणूस असा जीव तोडून का खेळेल?

आणि लॉटरी लीगच्या हातात असेल तर तळाच्या संघांचं नशीबही बघा. हा १४० गटांचा नियम २०१९ मध्ये आला. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सर्वांत कमी विजय असलेल्या संघाला एकदाही पहिला क्रमांक मिळालेला नाही. न्यू यॉर्क तिसरा, गोल्डन स्टेट दुसरा, ह्यूस्टन दुसरा आणि पुन्हा तिसरा, डेट्रॉइट सलग दोनदा पाचवा, यूटा पाचवा. प्रत्येक वेळी न मिळण्याची शक्यता ८६ टक्के. सलग सात वेळा न मिळण्याची शक्यता काढली तर जवळपास ३५ टक्के येते, म्हणजे यातही आश्चर्य नाही. चेंडू असेच पडतात.

संघ मुद्दाम हरतात, हा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि ते मान्य करताना मला त्रास होतो. २०२३ मध्ये डॅलसची ड्राफ्टमधली निवड पहिल्या दहात राहिली नसती तर आधीच्या सौद्यामुळे ती न्यू यॉर्कला द्यावी लागणार होती, आणि जास्त सामने हरले तरच ती पहिल्या दहात राहणार होती. ७ एप्रिलला शिकागोविरुद्ध, प्ले-इनची संधी शिल्लक असताना, त्यांनी कायरी अर्व्हिंगसह अनेकांना बसवलं. डॉनचिच जेमतेम पहिल्या क्वार्टरपुरता खेळला. लीगने चौकशी करून साडेसात लाख डॉलर दंड केला. पण निवड वाचली, आणि पुढच्याच वर्षी हा संघ अंतिम फेरीत होता. म्हणजे दंड त्यांना परवडला. याची मला चीड आहे, आणि लीगच्या नियमांत ही खोट आहेच.

पण हे गुपित कुठे होतं? कोण खेळणार नाही याची यादी सामन्याआधी जाहीर होते, ती सगळ्या जगाने वाचलेली असते. आणि बसवणारे असतात ते व्यवस्थापनातले लोक. मैदानात उतरलेल्या पोराला पुढच्या वर्षीचा करार मिळवायचा असतो, तो हरायला उतरत नाही. त्या दिवशी डॅलसच्या राखीव खेळाडूंनी शिकागोला शेवटपर्यंत झुंजवलं आणि फक्त तीन गुणांनी हरले.

डेट्रॉइटबद्दल थोडक्यात. २०२३-२४ मध्ये १४ विजय, सलग २८ पराभव. पुढच्या वर्षी ४४ विजय. कारणं समोर आहेत : नवा प्रशिक्षक जे. बी. बिकरस्टाफ, टोबायस हॅरिससारखे अनुभवी खेळाडू, आणि तरुण खेळाडू केड कनिंगहॅमचा बहरलेला खेळ. लीगला डेट्रॉइट वर हवा होता तर दोनदा पाचवा क्रमांक कशाला दिला?

कोर्टात सिद्ध झालेलं खरंच आहे. पंच टिम डोनागी सट्टा लावत होता, २००७ मध्ये उघड झालं, त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. टोरंटोचा जॉन्टे पोर्टर २० मार्च २०२४ ला आजारी असल्याचं सांगून तीन मिनिटांत बाहेर गेला. त्याचे आकडे कमी राहतील यावर कोणीतरी ८० हजार डॉलर लावले होते. त्या पैजेची रक्कम अडवली गेली, आणि १७ एप्रिलला लीगने पोर्टरवर आजन्म बंदी घातली. हे सगळं लाजिरवाणं आहे. पण एक राखीव खेळाडू स्वतःचे आकडे बिघडवू शकतो, यावरून तीस संघांचे निकाल ठरलेले असतात असं निघत नाही. आणि पोर्टर पकडला गेला तोही पैज लावणाऱ्यांच्या हावेमुळेच.

भाच्याला सर्वांत जास्त भीती होती ती तक्रार केली तर आपणच अडकू याची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात शिक्षा आहे ती असा धंदा चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. हे त्याला समजावलं, आणि काल दुपारी माझ्यासमोर बसून त्याने १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला. मेसेज, लिंक आणि पैसे भरल्याची नोंद त्याने पुसलेली नव्हती, ती कामी आली. तुमच्या घरातल्या ग्रुपवर हा मेसेज आला असेल तर तोही पुसू नका. कोणी पैसे भरलेत का, ते आधी विचारा.